अडुसष्टच्या खाली

प्रमिलाबाईंचं वजन चारचौघांत मोठ्यानं पहिल्यांदा वाचलं गेलं ते नागपूरच्या दवाखान्यात, २००६ सालच्या फेब्रुवारीत, आणि तेही धाकट्या भावासमोर. ब्याऐंशी किलो. डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ होते. रक्तगट जुळतो, बाकीच्या तपासण्याही बऱ्या आहेत, असं सांगून झाल्यावर त्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला. या वजनावर आणि या रक्तदाबावर आम्ही तुमची किडनी काढणार नाही, म्हणाले. एकाला वाचवताना दुसऱ्याला आजारी पाडणं आम्हाला जमत नाही. अडुसष्टच्या खाली या, मग पुढच्या तपासण्या करू.

भाऊ म्हणजे गजेंद्र. वय बेचाळीस. अल्लीपूरला त्याची भाजीपाल्याची शेती. वांगी, मेथी, पालक काढायचा आणि हिंगणघाटच्या बाजारात पाठवायचा. वर्षभरापूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा नागपूरला जाऊन डायलिसिसच्या मशीनला लागायचं, नि परत येऊन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पडून राहायचं. बायको अंजू द्यायला तयार होती, पण तिचा रक्तगट जुळेना. वडील नानाजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. राहिली एकटी थोरली बहीण.

परतीच्या बसमध्ये गजेंद्र खिडकीशी बसला होता. बुटीबोरी आली तसा तो बहिणीकडे वळला. मग म्हणाला, "ताई, राहू दे. मशीनवर चालून राह्यलं नं माहं."

"चौदा किलो म्हंजे काई डोंगर नाई," प्रमिलाबाई म्हणाल्या. "दिवाळीच्या आत उतरवतो."

म्हणायला म्हणून गेल्या, पण त्यांना स्वतःचं अंग ठाऊक होतं. सत्तेचाळीसावं चालू होतं. नालवाडीतलं त्यांचं घर येणाऱ्याजाणाऱ्याचं. वर्ध्याच्या बाजारात त्यांचे पती मनोहरराव यांचं धान्याचं दुकान असल्यामुळे खेड्यापाड्यावरून आलेला माणूस जेवूनच जायचा. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं आपल्या ताटात घ्यायचं, अन्न टाकायचं नाही, ही माहेरची शिकवण त्यांनी सत्तावीस वर्षं पाळली. मुलाच्या, भूपेंद्रच्या, बाळंतपणात वाढलेलं वजन उतरलं नाही, पुढे गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा आणखी वाढलं. दहा वर्षांपासून त्या पूजेलाही स्टुलावर बसत. वजन उतरवायचं त्यांनी याआधी दोनदा मनावर घेतलं होतं, आणि दोन्ही वेळा महिन्याभरात मनावरून उतरलं होतं.

घरी मनोहररावांनी सगळं ऐकून घेतलं. ते आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. त्यांची आई एका साध्या म्हटलेल्या ऑपरेशनात गेली होती, तेव्हापासून दवाखान्याच्या पायरीवरच त्यांना घाम फुटायचा. ते म्हणाले, गजेंद्र मलाही भावासारखा आहे, पण संमतीच्या कागदावर मी सही करणार नाही.

"तुले काई झालं तं मी कोणाले विचारू?"

प्रमिलाबाई म्हणाल्या, "आधी वजन तं उतरू द्या. मंग नाई म्हणा."

आणि मग असं झालं, की ज्या माणसाला हे ऑपरेशन होऊच नये असं वाटत होतं, तोच दर रविवारी सकाळी बंद दुकानाचं शटर अर्धं उचलून बायकोला आत घ्यायला लागला. घरात काटा नव्हता. दुकानात पोत्यांचा मोठा काटा होता. प्रमिलाबाई चपला काढून त्यावर उभ्या राहत आणि मनोहरराव चष्मा लावून आकडा वाचत. आकड्याखेरीज एक शब्द बोलत नसत.

पहिल्या पाच आठवड्यांत चार किलो उतरले. एक भाकर, ताक, दोडक्याची बिनतेलाची भाजी. चक्कर यायची, पण काटा खाली येत होता. मग तो अडला. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. एप्रिल संपला. मे महिन्यात हिंगणघाटला चुलत बहिणीच्या लेकीचं डोहाळजेवण होतं. प्रमिलाबाईंनी पंगतीत अर्धी पोळी खाल्ली, सगळ्यांनी कौतुक केलं. नंतर भांडी ठेवायला म्हणून त्या कोठीच्या खोलीत गेल्या. तिथे बुंदीच्या लाडवांची परात झाकून ठेवली होती. उभ्याउभ्याच त्यांनी एक खाल्ला. मग दुसरा. सहा लाडू खाल्ले तेव्हा कुठे हात थांबला. तोंड पुसून बाहेर आल्या, हळदीकुंकू घेतलं, आणि घरी आल्यावर न्हाणीघरात नळ सोडून रडल्या.

त्यानंतर धरलेलं सुटलं ते सुटलंच. जूनच्या पहिल्या रविवारी मनोहररावांनी वाचलं, ऐंशी.

त्याच आठवड्यात गजेंद्रची मुलगी आचल सुटी संपवून नालवाडीला परत आली. ती वर्ध्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होती आणि आत्याकडे राहायची. आत्याचं वजन म्हणजे आपल्या बापाचं आयुष्य, हे तिला कळत होतं, म्हणूनच तिनं आजवर एकदाही किती झालं असं विचारलं नव्हतं. याही वेळी विचारलं नाही. भूपेंद्र पुण्याला नोकरीला लागताना त्याचा कॉम्प्युटर घरी ठेवून गेला होता, त्यावर तिनं एक पान उघडलं आणि आत्याला बोलावलं.

"हे पाय. तुह्यासारखेच लोक हायेत इथं. एकमेकांले चिठ्ठ्या लिवतेत."

तो ई-मेलवरचा एक गट होता. नाव ‘रविवारचा काटा’. साठेक माणसं नावाला, लिहिणारी दहा-बारा. कुणी सांगलीचं, कुणी भुसावळचं, एक मस्कतला. सगळी चाळिशी ओलांडलेली, मराठी लिहायची पण इंग्रजी अक्षरांत. गट चालवायच्या त्या कमलाबाई, कोल्हापूरच्या, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. नियम दोनच होते. रविवारी सकाळी वजन करून आकडा लिहायचा, आणि आकडा खरा लिहायचा. का उतरवायचंय हे कुणी कुणाला विचारायचं नाही.

प्रमिलाबाई दहावीपर्यंत शिकल्या होत्या. एका बोटानं अक्षरं शोधत त्यांनी पहिली चिठ्ठी लिहिली, तिला पाऊण तास लागला. मी नालवाडीची. वय सत्तेचाळीस. मले बारा किलो कमी करायचं आहे. भावाचं काही लिहिलं नाही. संध्याकाळपर्यंत पाच उत्तरं आली. आपल्या नावानं पाच माणसांनी काही लिहून पाठवलंय, हे त्यांना दोनदा वाचूनही खरं वाटेना.

दुसऱ्याच रविवारी काटा एकोणऐंशीवर होता आणि त्यांनी सत्याहत्तर लिहिलं. सगळ्यांनी शाबासकी दिली. तो रविवार आणि सोमवारची सकाळ त्यांना अन्न गोड लागलं नाही. भारनियमनामुळे सोमवारी दुपारी वीज नव्हती. चारला आली तशा त्या कॉम्प्युटरपाशी बसल्या आणि लिहिलं, मी खोटं लिहिलं होतं, एकोणऐंशी आहे, आता मी गटातून जाते. कमलाबाईंचं उत्तर दोन ओळींचं होतं. या गटात पहिल्या महिन्यात खोटं न लिहिलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. सोमवारीच कबूल करणाऱ्या तुम्ही पहिल्या.

तिथून गाडी रुळावर आली. उपाशी राहू नका, हे कमलाबाईंनी सगळ्यांत आधी सांगितलं. सकाळी नाश्ता, दोन वेळा पोटभर पण मोजून, उरलेलं गाईला घाला, स्वतःला नको. आणि चाला. गटातली सगळी माणसं आपापल्या गावी सकाळी सहाला चालायला निघत आणि येऊन कळवत. भुसावळचा किशोर म्हणून एक होता, रेल्वेत नोकरीला. तो रोज एकच शब्द लिहायचा, "चाललो". त्याच्याविषयी आणखी कुणाला काही माहीत नव्हतं, पण सकाळी सहाला नागपूर रोडनं पवनारच्या दिशेनं निघताना प्रमिलाबाईंना वाटायचं, तिकडे भुसावळलाही तो माणूस आत्ता पायात बूट घालत असेल. पावसाचे दिवस होते, अंथरुणातून उठवत नसे. पण आपण गेलो नाही तर लिहायचं काय, हा विचार त्यांना उठवायचा.

साडीखाली कॅनव्हासचे बूट घातलेली बाई रस्त्यानं भराभर चाललेली पाहून लोक हसत. शेजारच्या देवकाबाईंनी एकदा फाटकातून विचारलंही, की या वयात कोणाला दाखवायचंय हे. प्रमिलाबाई तशाच पुढे गेल्या. तसल्या गोष्टी त्या आता गटात लिहीत. मग सांगलीची कुणी लिही, माझी जाऊ तर मला याहून वाईट बोलते. तेवढ्यानं दिवस निघून जायचा.

ऑगस्टमध्ये पंचाहत्तर. सप्टेंबर संपताना त्र्याहत्तर. दिवाळीच्या आठवड्यात गटातल्या सगळ्यांनी रोज लिहायचं ठरवलं, कारण घरोघर तळण होतं. चिवडा, चकल्या, अनारसे सगळं प्रमिलाबाईंनी दरवर्षीसारखंच केलं, पाहुण्यांना वाढलं, आणि भाऊबीजेला अल्लीपूरला गेल्या तेव्हा काटा साडेएकाहत्तरवर होता.

गजेंद्र दारातच उभा होता. चेहरा सुजलेला, हातावर सुयांच्या गाठी. ओवाळून झाल्यावर तो त्यांच्याकडे पाहतच राहिला.

"किती वाळली ताई तू. माह्या पायी उपाशी नको राहू."

"उपाशी कायची? चांगली तीनदा जेवतो," त्या म्हणाल्या. "साडेतीन राह्यले आता. तू फक्त टिकून राह्य."

तो हसला. म्हणाला, मी काय, मी मेथीच्या जुडीसारखा, पाणी मारत राहिलं की टिकतो.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सत्तरच्या खाली आकडा आला. मनोहररावांनी तो वाचला, चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचला. मग काट्याकडेच पाहत म्हणाले, "कागद घेऊन येजो. सही करतो मी." प्रमिलाबाई काट्यावरून उतरल्या आणि पोत्यावर बसून राहिल्या. नऊ महिने त्या ज्या उत्तराची वाट पाहत होत्या ते मिळालं होतं, आणि त्यांना आनंदापेक्षा त्या माणसाची दया आली.

डिसेंबरच्या दहा तारखेचा रविवार. एकोणसत्तर किलो चारशे ग्रॅम. त्यांनी गटात लिहिलं, अजून दीड. त्याच दिवशी दुपारी गजेंद्रला थंडी वाजून ताप आला. मशीनसाठी हातात घातलेल्या नळीतून जंतुसंसर्ग झाला होता. नागपूरला नेलं. मंगळवारी तो बोलत होता. बुधवारी बोलणं थांबलं. गुरुवारी सकाळी तो गेला.

तेरवी झाली. लोक येत, रडत, चहा घेऊन जात. प्रमिलाबाईंचं रडू आटलं होतं. त्यांच्या डोक्यात हिशेब चालला होता, आणि तो काही केल्या थांबेना. मार्चमध्ये काटा अडला होता. मेमध्ये ते लाडू. जूनपर्यंत दोन किलो परत चढले. ते चढले नसते तर ऑक्टोबरातच अडुसष्ट झालं असतं. ऑक्टोबरात झालं असतं तर डिसेंबरात ऑपरेशन. मग ती नळीच हातात नसती. दर वेळी हिशेब त्या कोठीच्या खोलीपाशी येऊन थांबायचा.

नालवाडीला परतल्यावर त्यांनी कॉम्प्युटर उघडला नाही. चालणं बंद झालं. आता कोणासाठी, असं त्या म्हणाल्याही नाहीत; नुसतं पुन्हा सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं ताटात घेऊ लागल्या. मनोहररावांनी रविवारी शटर उघडायचं थांबवलं. मार्च आला तेव्हा जिना चढताना धाप पुन्हा लागत होती आणि ब्लाउज पुन्हा दंडात रुतत होते.

कॉम्प्युटर आचल उघडायची, अभ्यासापुरता. तिला दिसायचं, की कमलाबाई दर रविवारी सगळ्यांच्या आकड्यांची यादी पाठवतात, आणि त्यात ‘प्रमिला, नालवाडी’ हे नाव अजून असतं, पुढची जागा कोरी. असे बारा रविवार गेले. शेवटी एका दुपारी तिनंच लिहिलं. मी त्यांची भाची. आत्यानं तुम्हाला सांगितलं नसेल, ती माझ्या वडिलांना किडनी द्यायला वजन उतरवत होती. ते डिसेंबरात वारले. दीड किलो राहिला होता. आत्याला वाटतं तिच्यामुळे गेले. लाडवांचंही तिनं लिहिलं. कारण आत्या ते एकदा तिच्यासमोर बोलून गेली होती.

दोन दिवसांनी तिनं कागदावर छापून आणलेली पत्रं आत्याच्या मांडीवर ठेवली आणि ती कॉलेजला निघून गेली. किशोरचं पत्र सगळ्यांत मोठं होतं, दोन पानांचं. आपल्याला दुःखाचं काही लिहिता येत नाही असं सुरुवातीलाच म्हणून त्यानं भुसावळच्या सकाळी, रस्त्यावरची कुत्री, मालगाड्या, नि आपण चालताना रोज नालवाडीच्या बाईंना सोबत धरतो, असं सगळं लिहिलं होतं.

कमलाबाईंचं पत्र वेगळं होतं. ‘मी पस्तीस वर्षं दवाखान्यात काढली. तुम्हाला खोटं समाधान देणार नाही. वजन आधी उतरलं असतं तर कदाचित वेळेत झालं असतं. कदाचित तपासण्यांतच चार महिने गेले असते. कदाचित ऑपरेशननंतरही तो गेला असता, मी तसेही पाहिलेत. हे कुणालाच ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. पण लाडू खाल्ले म्हणून भाऊ गेला, असं तुम्ही मनात लिहिलं असेल, तर तो आकडा खोटा आहे. इथे खोटा आकडा चालत नाही.’

प्रमिलाबाईंनी ते पत्र चारदा वाचलं. मग घडी घालून पदराला बांधलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं एकट्याच अल्लीपूरला गेल्या. पत्रानं हिशेब थांबला होता असं नाही. पण तो जिच्यापुढे मांडायचा ती बाई कोल्हापूरला नव्हती, अल्लीपूरला होती.

अंजू ओट्यावर वांगी निवडत होती. प्रमिलाबाई तिच्यासमोर बसल्या आणि त्यांनी सांगून टाकलं. डोहाळजेवणाचं, कोठीच्या खोलीचं, सहा लाडवांचं. अंजूनं हातातलं वांगं खाली ठेवलं.

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "मी दारातच होतो तवा. पाणी न्यायले आलतो."

प्रमिलाबाईंनी मान वर केली.

"त्यायले नाई सांगतलं मी. कोणालेच नाई सांगतलं. मले लई राग आलता, ताई. अजूनई हाय थोडासा, खोटं काऊन बोलू?" अंजू पुन्हा वांगं उचलून त्याचं देठ पाहत होती. "पण बाकी कोणं एक घास कमी खाल्ला नाई आमच्यासाठी. सगळे म्हणे, देव पाह्यते. तुमी बारा किलो उतरवले. तेई मीच पाह्यलं."

मग अंजूनं वांग्यांची दुसरी टोपली दोघींच्या मध्ये ओढली आणि प्रमिलाबाई निवडू लागल्या.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी त्यांनी मनोहररावांना विचारलं, दुकानाची किल्ली कुठे आहे. ते उठले आणि बरोबर आले. आकडा निघाला पंचाहत्तर. प्रमिलाबाईंनी तो गटात जसाच्या तसा लिहिला, आणि खाली लिहिलं, की आता कशासाठी उतरवायचं ते मला माहीत नाही, पण घरी बसून राहिले तर हिशेब सुरू होतो, चालताना होत नाही. त्यावर कुणी शहाणपणाचं काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी किशोरचा एक शब्द तेवढा आला.

या वेळी काटा सावकाश उतरला. कधी महिना महिना हलला नाही. मनोहररावांच्या भाच्याच्या लग्नात चढला, मलेरियात उतरला, पुन्हा चढला. २००८च्या श्रावणात तो सदुसष्टवर आला. त्या आकड्याला त्या दिवशी काहीच अर्थ नव्हता, नि प्रमिलाबाईंना वाटलं होतं तेवढं रडूही आलं नाही. रक्तदाबाची गोळी अर्धी झाली. पूजेला त्या खाली बसू लागल्या.

पुढे कमलाबाईंची दृष्टी अधू झाली तेव्हा रविवारची यादी करायचं काम त्यांनी प्रमिलाबाईंकडे दिलं. गट लहान झाला होता, लोक नव्या ठिकाणी गप्पा मारायला जात होते. तरी सात-आठ जण होते. जे लिहायचे थांबत त्यांचं नाव प्रमिलाबाई काढत नसत. यवतमाळच्या एका नव्या बाईनं २००९ मध्ये लिहिलं, की माझ्याच्यानं होत नाही, तुम्ही कशा टिकलात. एवढ्या वर्षांत गटात त्यांनी स्वतःच्या हातानं कधी न लिहिलेली गोष्ट प्रमिलाबाईंनी तेव्हा लिहिली. आधी भावाचं नाव लिहिलं, गजेंद्र. मग बाकीचं. आणि शेवटी लिहिलं, टिकले असं म्हणू नका, चारदा सुटलं, पण दर वेळी कोणी ना कोणी माझी जागा कोरी ठेवली होती.

शेती अंजूनं बंद पडू दिली नव्हती. आचल शिक्षिका झाली, नानाजी थकून एका हिवाळ्यात गेले, पण वांगी आणि मेथी हिंगणघाटला जातच राहिली. महिन्यातून एकदा प्रमिलाबाई पहिल्या बसनं अल्लीपूरला जात. मेथी उपटायची म्हणजे उकिडवं बसून पुढे पुढे सरकावं लागतं. माहेर सोडल्यापासून त्या तशा कधी बसल्या नव्हत्या. आता बसत. ऊन तापेपर्यंत दोघी नणंद-भावजया शेजारशेजारच्या वाफ्यांत बसून जुड्या बांधत, मध्येच कधी गजेंद्रचं काही निघे, कधी निघत नसे.